कारण : इतर

व्लादिकावकाझच्या शीतगोदामात, सहा नंबरच्या फलाटावर
मी रेघा वाचते.
ट्रकच्या पोटात दडवलेलं काडेपेटीएवढं यंत्र
दर पाच मिनिटांनी एक ठिपका टाकतं.
ड्रायव्हर खोटं बोलतात, ठिपके बोलत नाहीत,
हे मला बावीस वर्षांपूर्वी पहिल्याच दिवशी शिकवलं.

सपाट रेघ म्हणजे माल शाबूत.
उंचवटा म्हणजे कुणीतरी दार उघडलं,
डिझेल विकलं, किंवा नुसतंच झोपलं.
चार अंशांच्या वर पंधरा मिनिटं गेली
की मी लाल पेन काढते.

त्या गुरुवारी पहिला आला ह्राचिक,
अराराटच्या पायथ्याचे जर्दाळू घेऊन, दीड दिवस उशिरा.
खिंडीत चिखलाचा लोंढा आला, ते रेडिओवर ऐकलं होतं.
पण लोंढा रस्ता अडवतो,
गारवा नाही अडवत.
रेघ पाहिली : एक अंश, एक, एक,
आणि पहाटे तीन चाळीसला टेकाड.
"मशीन बंद केलंस?"
"केलं."
"डिझेल वाचवलंस."
तो नखांतली माती काढत राहिला.
"लिहा काय लिहायचं ते."
मी फळात सुई खुपसली, आकडा टिपला, आठ टक्के कापले.

मग सेलामी, ट्रकभर चेरी.
तीन चाळीस. टेकाड.
मग काखेतीचं चीज. तीन पंचेचाळीस.
मग गुलाब.
चारही कागद एकावर एक ठेवून
मी ट्यूबलाइटसमोर धरले.
टेकाडावर टेकाड बसलं.
एकमेकांची भाषा न येणारी चार माणसं
एकाच वेळी एकच लबाडी कशी करतील?

गुलाबवाला पोरगा होता, सेद्राक. त्याला चहा दिला.
तो म्हणाला, रस्ता बांधणाऱ्यांची केबिन होती ना वळणावर,
ती चिखलाखाली गेली.
बॅटऱ्या घेतलेली माणसं आली,
एकेका ट्रकच्या दारावर थापा मारत :
बंद करा, सगळं बंद करा, काही ऐकू येत नाही.
चार किलोमीटर ट्रक.
प्रत्येकाच्या टपरात ते यंत्र घरघरतंय.

आमच्याकडे मेजवानीला वडीलधारा प्याला घेऊन उभा राहिला
की लांबच लांब टेबलाच्या पार शेवटच्या खुर्चीपर्यंत
बोलणं विझत जातं,
तशी ती घरघर विझत गेली दरीत खाली खाली.
तेर्क नदी तेवढी थांबली नाही.
तिला कोण सांगणार.

पन्नास मिनिटं.
आत फळं आपापले श्वास सोडत तापत होती,
बाहेर माणसं श्वास धरून
कानोसा घेत होती.

"आलं ऐकू?"
"पातेल्यावर चमचा. आधी वाटलं, खडीच सरकतेय."
"किती निघाले?"
त्याने एक बोट वर केलं
आणि बराच वेळ खाली घेतलं नाही.
किती होते, ते मी विचारलं नाही.

आमच्या फॉर्मवर कारणासाठी चार चौकोन आहेत :
दार, बिघाड, इंधन, इतर.
त्या दिवशी मी 'इतर'वर सतरा खुणा केल्या,
लाल पेन खिशात ठेवून.
आयुष्यात पहिल्यांदा कानाडोळा केला
तो कान दिलेल्यांसाठी.

ह्राचिकचा कागद तोवर मॉस्कोला पोचला होता.
दोनदा फोन केला. तिकडची मुलगी म्हणाली,
नियम बदललाय का?
नाही बदललेला.
आठ टक्के गेले ते गेले,
आणि तो गेला रिकामा ट्रक घेऊन, त्याच खिंडीतून.

सुई टोचलेला त्याचा जर्दाळू
माझ्या डब्यात घरी आला.
हवा होता त्याहून किंचित मऊ. गोड होता, खोटं कशाला बोलू.
खाता खाता
स्वयंपाकघरातल्या फ्रिजने एक आचका दिला
आणि त्याची घरघर थांबली.

मी चावायची थांबले.